बावीस डिसेंबरनंतरची सावली

आत्या,

आज मद्रासला सूर्य सहा पस्तीसला उगवला. वर्तमानपत्रात तसं छापलंय आणि मी मोट्टैमाडीवर जाऊन पाहिलंही. गच्चीला आपण सगळेच मोट्टैमाडी म्हणतो. पुण्याला पाठवायच्या पत्रांत तेवढं तू ‘गच्ची’ लिहायचीस. बावीस डिसेंबरला सूर्योदय सहा सव्वीसचा होता. बावीस डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस, त्यानंतर दिवस वाढू लागतो, असं तू इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलीस. मग वाढू लागून महिना होत आला तरी सकाळ अजून उशिराच का होते? सहा वर्षांपूर्वी मी काढलेला हा मुद्दा अजून तसाच उभा आहे. तू उत्तर न देता गेलीस.

खरं म्हणजे उत्तर दिलं होतंस. “मोज,” म्हणाली होतीस. मला ते उत्तर वाटलं नव्हतं. मी नववीत होते. पेपरातल्या सूर्योदयाच्या वेळा रोज कापून एका वहीत चिकटवल्या होत्या आणि ती वही तुझ्यासमोर आपटली होती. मी कुणासमोर काही आपटत नाही, म्हणूनच तुला हसू आलं असेल.

“वा गं,” तू म्हणालीस. “आता नुसता सूर्योदय बघू नकोस. सूर्यास्तही बघ. आणि मधली दुपारची सावली बघ. तिन्ही मोज आणि मला येऊन सांग.”

“तुला येत नाही म्हणून मोजायला सांगतेस.”

“असेल. मला काय काय येत नाही ते तुझ्या आजीला विचार.”

आजीने स्वयंपाकघरातून ताबडतोब सांगितलं, “पुरणपोळी!”

मी मोजलं नाही. वही कपाटात टाकली आणि विषय सोडला. तूही परत काढला नाहीस. पण दर जानेवारीत, सकाळी दिवा लावून दूध तापवताना, तू खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघायचीस आणि मग माझ्याकडे.

शाळेत तू ‘मिस’ होतीस आणि घरी आत्या. दारापासून बसस्टॉपपर्यंत आपण एकत्र चालायचो आणि बसमध्ये चढलो की मी वेगळ्या बाकावर बसायची. ते तुला कधी लागलं का, हे मी विचारलं नाही. आठवीत तू आमच्या वर्गावर आलीस तेव्हा मी देवाला सांगितलं होतं की हिने माझ्याकडे बघू नये. दुसऱ्याच आठवड्यात तू मला उभं केलंस. एका उंच मुलीला वर्गाच्या मधोमध स्टुलावर बसवलंस, ती सूर्य. मी पृथ्वी.

“डोकं त्या घड्याळाकडे झुकव,” तू म्हणालीस. घड्याळ फळ्याच्या वर होतं. “आता तिच्याभोवती चाल. चालताना डोकं घड्याळाकडेच झुकलेलं हवं. सूर्याकडे नाही गं, घड्याळाकडे!”

मी मान वाकडी करून चालले. चाळीस मुली बघत होत्या. वर्गाच्या मागच्या टोकाला पोचले तेव्हा सूर्य माझ्या आणि घड्याळाच्या मध्ये होता, त्यामुळे माझं डोकं आपोआप सूर्याकडे झुकलं होतं. “थांब. हा जून. हिच्या डोक्यावर ऊन जास्त वेळ पडणार. दिवस मोठा.” अर्धी फेरी मारून मी फळ्यापाशी आले. मान तशीच होती, पण आता सूर्य माझ्या पाठीशी राहिला होता आणि डोकं त्याच्यापासून लांब. “हा डिसेंबर. दिवस लहान. बघा, हिने मान हलवली का? नाही. झुकणं तेच आहे, फक्त जागा बदलली.” मग तू म्हणालीस, “आता अशीच झुकून स्वतःभोवतीही फीर,” आणि मी फिरायला गेले ती पहिल्या बाकावर आदळले. माणसाची मान त्या कामासाठी केलेली नाही.

पुढे वर्षभर मुली मला ‘भूमादेवी’ म्हणत होत्या. मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तू माझ्या अंथरुणावर येऊन बसलीस.

“पृथ्वी रुसलीय?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“वर्गात चाळीस जणी आहेत अनू. तुलाच का उठवलं? तू त्या वर्गात वर्षभर बसली असतीस आणि कुणाला दिसली नसतीस. मला चाललं नसतं ते.”

मला चाललं असतं. तेव्हाही, आताही. हे तुला सांगायचं राहून गेलं.

आमच्या इंग्रजी पुस्तकात एक चित्र होतं. बर्फाळ देशातलं घर, हिवाळ्यात दुपारी चारला अंधार, उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड. त्या चित्राचा तुला राग यायचा. मद्रासमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात जेमतेम दीड तासाचा फरक. मुली म्हणायच्या, मिस, इथे तर सारखंच असतं, मग आम्ही हे कशाला शिकायचं? तू म्हणायचीस, “इथे फरक थोडा आहे, म्हणून तर नीट बघायला हवं.” पुस्तकात असंही होतं की दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते. तू त्या ओळीवर काट मारायला लावलीस आणि वर्गाला घेऊन आपल्या घरी आलीस, मोट्टैमाडीवर.

तिथे ती सळई होती. एक मीटर लांबीची, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट घालून उभी केलेली. गवंड्याकडून ओळंबा मागून आणून तू ती अगदी सरळ केली होतीस. घड्याळ रेडिओवरच्या सकाळच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर लावायचं, आणि बाराच्या सुमाराला वर जाऊन सावली सगळ्यात आखूड होते तो क्षण पकडायचा. तिथे काळ्या रंगाचा ठिपका. डिसेंबरच्या बावीस तारखेचा ठिपका सळईच्या उत्तरेला चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर. मग ठिपके जवळ येत जायचे, एप्रिलच्या शेवटी एक दिवस सावली सळईच्या पायातच नाहीशी व्हायची, आणि जूनमध्ये ती दक्षिणेला अठरा सेंटिमीटर. ऑगस्टमध्ये परत फिरून उत्तरेला. “हे लंडनला दिसत नाही,” तू मुलींना सांगितलंस, जणू तूच त्याची व्यवस्था केली होतीस.

आणि दोन्ही टोकांशी ठिपके एकमेकांवर चढलेले. जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. पाच-सहा दिवस सावली जवळजवळ हलतच नाही. “इथे सूर्य थबकतो,” तू म्हणायचीस. “गाडी वळवताना ड्रायव्हर थांबतो ना, तसा. या दिवसांत रोज मोजलंत तरी तेच येणार. तेच आलं तर तेच लिहायचं. वेगळं काही लिहाल तर माझ्याशी गाठ आहे.”

ती गाठ मी पाहिली होती. एका मुलीने सावलीची रीडिंग्ज घरी बसून तयार केली, सगळी छान चढत्या क्रमाने. तू वही उघडलीस, एक नजर टाकलीस आणि पानं फाडली. ओरडली नाहीस. “चुकीचं चालेल,” एवढंच म्हणालीस. “बनवलेलं नाही चालणार.” ती मुलगी रडली, आणि मला मेल्यासारखं झालं, कारण माझ्याही वहीत दोन आकडे तसे होते. ते तुला सापडले नाहीत. की सापडले होते?

दर संक्रांतीला तुझं आणि आजीचं भांडण ठरलेलं. आजी तीळ भाजत म्हणायची, आज उत्तरायण लागलं. तू म्हणायचीस, “आई, सूर्य बावीस डिसेंबरलाच परत फिरलाय. तुझ्या संक्रांतीपर्यंत सावली पाच सेंटिमीटर आखडून बसलीय. वर येऊन बघ.”

“मला जिना चढवत नाही म्हणून माजलीस.”

“पट्टी आणून दाखवू?”

“पट्टीने पुण्य मोज आता.” मग तुझ्या हातावर तीळगूळ ठेवून ती म्हणायची, “गोड बोल. निदान आज.”

बाबा पेपरामागे हसायचे. हे भांडण मला घरातल्या घड्याळासारखं वाटायचं. ते कधी कुणाच्या जिवाशी येईल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर हॉस्पिटलने तुला घरी पाठवलं. आता करण्यासारखं फार नाही, असं डॉक्टरांनी बाबांना इंग्रजीत सांगितलं. आजीला कळू नये म्हणून इंग्रजीत, आणि मी शेजारीच उभी होते. तुझी खाट मधल्या खोलीत आली. डिसेंबर लागला तसं तू मला हाक मारलीस. “अनू, मला काही वर जाता येत नाही. तू जा. सावली बघ आणि मला येऊन सांग.”

आजी म्हणाली, “भर बाराला पोरीला एकटीला वर पाठवू नकोस गं.”

“का? भुतं आहेत तिथे?”

“असतात.”

“मग त्यांच्याही सावल्या मोजून ये,” तू म्हणालीस. हसता हसता तुला धाप लागली.

मी जात होते. सुरुवातीला रोज. मार्गळीच्या महिन्यात इथे पाऊस सरलेला असतो, ऊन मऊ असतं, खाली घरमालकीण मामींच्या कोलमच्या रांगोळीवर कावळे चालत असतात. वर्णन करावं अशी भीती तिथे काहीच नव्हती. पण मी सळईपाशी उकिडवी बसले की मागून तुझा आवाज यायचा. “पाय बाजूला घे. तुझीच सावली पडतेय.” तू हे मला शंभरदा सांगितलं होतंस, त्यामुळे आठवणं साहजिक होतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण तो आठवल्यासारखा येत नव्हता, मागून यायचा. मी पाय बाजूला घ्यायची. मग लक्षात यायचं की तू खाली खाटेवर आहेस, जिवंत आहेस, आणि वर मात्र आत्ताच गेल्यासारखी वावरते आहेस. आजीच्या भुतांना मी घाबरले नसते. तू असताना तुझी आठवण येत होती, हे मला सहन होत नव्हतं.

एकवीस तारखेला मी शेवटचं मोजलं. बावीसला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिले आणि पाच मिनिटांनी खाली येऊन कालचाच आकडा सांगितला. तू मान हलवलीस. त्यात काही अडचण नव्हती, त्या दिवसांत आकडा तोच येतो. तेवीसलाही तसंच. चोवीसला मी पायरीवरही बसले नाही. मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींआड उभी राहिले. आत आले तेव्हा तू उशीवरून डोकं उचललं होतंस. तुझे डोळे फार मोठे दिसत होते.

“फिरली का गं?”

“हो,” मी म्हणाले. “आज अर्धा सेंटिमीटर कमी आहे.”

अर्धा सेंटिमीटर. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं. त्या दिवसांत सावली एका दिवसात अर्धा मिलीमीटर हलली तरी पुष्कळ. हे जगात मला कुणी शिकवलं असेल तर तू. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू फाडण्यासाठी हात पुढे करशील असं वाटलं, आणि करावास असंही वाटलं.

“बरं,” तू म्हणालीस. “छान.” मग म्हणालीस, “बस ना जरा.”

मला अभ्यास आहे, मी म्हणाले. कॉलेजला सुट्टी लागली होती.

त्यानंतर तू मला सावली विचारली नाहीस. एकदाही नाही. पंचवीसला मी बारा वाजता दाराशी उभी होते, सव्वीसलाही. तू डोळे मिटून पडलेली असायचीस. विचारलं नाहीस म्हणून मी आत आले नाही. आता मोजायचं नव्हतं, सांगायचं नव्हतं, मग आत कशासाठी जायचं, अशी काहीतरी समजूत मी करून घेतली. नवीन वर्ष लागलं आणि त्याच आठवड्यात, सकाळी, आई तुला चहा द्यायला गेली आणि आई बाहेर आली नाही, तिचा नुसता आवाज आला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. वर्गात तू हे सांगितलंस की मुलींना खोटं वाटायचं. थंडीत सूर्य जवळ कसा? “जवळ असणं पुरत नाही,” तू म्हणायचीस. “किरण कसे पडतात त्यावर आहे.” त्या आठवड्यात मी तुझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होते.

पाचव्या दिवशी गुरुजी आले, दहाव्याची आणि तेराव्याची व्यवस्था ठरवायला. गुरुजी तंजावरकडचे, त्यांची मराठी आपल्याहून जुनी आणि तिचा सूर तमिळ. बाबा यादी लिहीत होते. आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने मधेच विचारलं, “गुरुजी, दक्षिणायनात गेली का हो माझी मुलगी?”

गुरुजींनी कॅलेंडरकडे पाहिलं. वाण्याने दिलेलं, रोज एक पान फाडायचं, तमिळ. “आयी, मन जाळून घ्यायचं नाही,” ते म्हणाले. “पण दक्षिणायन म्हणूनच आहे. थै जन्मल्यावर उत्तरायण.” थै म्हणजे संक्रांतीला लागणारा तमिळ महिना. त्याला अजून काही दिवस होते.

“आई, बावीस तारखेलाच सूर्य—” बाबा म्हणाले.

“तू गप्प बस. तुला आगगाड्यांच्या वेळा कळतात.” आजी माझ्याकडे वळली. “तिने मला सांगितलं होतं. चोवीस तारखेला. आई, फिरला गं सूर्य, म्हणाली. हिने मोजलंय. अनू, सांग गुरुजींना, किती कमी झाली होती सावली?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आजीने तुझ्या सळईचा आधार घेतला होता, आणि त्या सळईपाशी मी गेलेच नव्हते.

“अर्धा सेंटिमीटर,” मी म्हणाले.

“सरी, सरी,” गुरुजी मायेने म्हणाले. “पाप्पा कॉलेजात शिकते, हुशार पोर आहे. पण सावलीचं वेगळं, शास्त्राचं वेगळं, आयी.”

तेव्हापासून आजीने धड जेवण सोडलं. रडायची नाही. बसल्या जागी म्हणायची, “थोडे दिवस थांबली असती. एवढी घाई काय होती मेलीला.” बाबांनी समजावलं, आईने समजावलं. बोलायला हवं होतं ते मी, कारण मीच मोजलं होतं असं घर समजत होतं. सूर्य फिरला होता, हे खरंच होतं. त्याला माझ्या आकड्याची गरज नव्हती. पण मी तोंड उघडलं असतं की तोच आकडा बाहेर पडला असता, आणि आजी त्याला धरून बसली असती. बनवलेल्या रीडिंगवर तिने आपल्या मुलीची गती सोपवली असती.

मला रोज दुपारी वरून बोलावणं येत असल्यासारखं वाटत होतं. पाय बाजूला घे. मी वर जात नव्हते, तरी घरात जिथे बसेन तिथून पाय बाजूला घेत होते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आजीजवळ जाऊन बसले. ती वाती वळत होती.

“आजी, मी वर गेले नव्हते.”

“कुठे?”

“सावली बघायला. चोवीसला. त्याआधीही दोन दिवस. अर्धा सेंटिमीटर मी मनाने सांगितला.”

तिचे हात थांबले. मला वाटलं आता ती म्हणेल, म्हणजे सूर्य फिरलाच नव्हता. मी घाईघाईने बोलू लागले, तू फळ्यापाशी बोलायचीस तसं. की तो फिरलाच होता, मी बघो न बघो. की पृथ्वीचा आस थकलेल्या भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, म्हणून फार जुन्या काळी संक्रांत आणि सूर्याचं वळणं एकाच दिवशी यायचं आणि आता तीन आठवड्यांचं अंतर पडलंय. इतकं मराठी मी एका दमात कधी बोलले नव्हते. मधे ‘आस’ शब्द आठवेना तेव्हा लाटणं तिरपं धरून दाखवलं.

आजीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “पंचांग काढ. पुण्याचं.”

ते दारामागच्या खिळ्याला होतं, पाडव्याला पोस्टाने येतं ते. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि घरात मराठी सरळ वाचणारं माणूस म्हणजे तू. तू त्याला हात लावायची नाहीस. मी कधी उघडलं नव्हतं. मराठी आकडेसुद्धा मी बोट ठेवून वाचते.

“डिसेंबर काढ. बावीसच्या ओळीत काय आहे?”

मी वाचत गेले. तिथी, नक्षत्र, मला न कळणारी अर्धी अर्धी अक्षरं. शेवटच्या रकान्यात मुंगीएवढ्या टाइपात तीन शब्द होते. “सायन मकर,” मी वाचलं. “उत्त... उत्तरायणारंभ.”

“परत वाच.”

“उत्तरायणारंभ.”

“तारीख?”

“बावीस डिसेंबर.”

आजीने वातींचं ताट बाजूला सारलं. “बघ मेलीचं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं माझ्याशी भांडली. वर चल, पट्टी आणते, आणि काय काय. माझ्याच पंचांगात आहे, एवढं एक सांगितलं नाही!”

“तिला माहीत नव्हतं आजी. तिने उघडलं कुठे कधी?”

“आणि मी उघडलं ते एकादशीपुरतं.” ती हसली आणि हसता हसता रडायला लागली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कसा ठेवायचा ते मला नीट येत नाही, पण ठेवला.

तुला हे पाहायला हवं होतं. तू सळई उभी केलीस, तिने पंचांग टांगलं, आणि एकाच घरात तुम्ही दोघी तेच खरं धरून एकमेकींशी भांडत राहिलात.

डोळे पुसून झाल्यावर आजी म्हणाली, “तू वर गेली नाहीस त्याचं काही नाही. ती सावलीसाठी कुठे विचारत होती?”

मला कळलं नाही.

“मी म्हटलं होतं तिला, कशाला पोरीला उन्हात धाडतेस. तर म्हणाली, आई, तिला या खोलीत यायची भीती वाटते. नुसतं ये म्हटलं तर येणार नाही. सावली विचारली की यावं लागतं, दोन वाक्यं बोलावी लागतात. तेवढंच दिसते ती मला.” आजीने वात उचलली. “मग नाताळच्या सुमाराला काय झालं कोण जाणे. म्हणाली, आता नाही विचारणार. पोरीची ओढाताण होते.”

काय झालं ते मला माहीत आहे, आजीला नाही. तू वही उघडलीस, एक नजर टाकलीस आणि या वेळी पानं फाडली नाहीस. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून तू मला बोलावणंच सोडलंस. आणि मी ती सुटका मानली. तू दहा दिवस त्या खोलीत होतीस आणि मी दारात.

आता मी मोजते आहे. सावली सदुसष्टच्याही आत आली आहे, आणि ती सगळ्यात आखूड होते तो क्षण रोज थोडा पुढे सरकतो. बावीस डिसेंबरला बारा सातला होता, आता बारा वीसला. म्हणजे नुसती सकाळच नाही, सगळा दिवसच घड्याळावर पुढे ढकलला जातोय. सूर्याजवळ आल्यामुळे पृथ्वी या दिवसांत भरभर चालते, आणि तिचं झुकणं त्यात भर घालतं, म्हणून सूर्य परत डोक्यावर यायला रोज जरा उशीर होतो. दिवस वाढतो तो दोन्ही टोकांना इतका थोडा की सकाळचा वाढावा या सरकण्यात बुडून जातो आणि सगळा संध्याकाळी दिसतो. तिन्ही मोजल्याशिवाय हे कळत नाही. तुला हे येत होतं की आपण दोघींनी मिळून शोधावं असं तुझ्या मनात होतं, ते मला आता कळणार नाही. संध्याकाळ तर नोव्हेंबरच्या शेवटापासूनच लांबायला लागली होती. तुझ्या खिडकीतून पश्चिम दिसते. तू ते पाहिलं असशील.

बाबा म्हणतात खाट काढून टाकू. मी थांबा म्हणाले. दुपार झाली आहे, आजी आत झोपली आहे. मी हे तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. तासभर झाला. मला कुणी बोलावलेलं नाही.